खाला, बसलात की उठलात?

सगळ्यात आधी एक नाव लिहितो, मग बाकीचं. नूरबी खाला, मुक्काम धर्मापुरी, तालुका परळी, जिल्हा बीड. मी आज मान वर करून या जिल्ह्यात राहतोय तो या बाईंमुळे. मला लांबण लावायची सवय आहे... मधेच कुणी वाचायचं सोडलं तरी निदान हे नाव वाचून झालेलं असावं, म्हणून आधी लिहिलं.

मी या ग्रुपवरचे सगळ्यांचे भुताखेतांचे अनुभव वाचतो, पण आजवर एका शब्दाचा प्रतिसाद दिला नाही. एकतर माझं शिक्षण नववीपर्यंत — तेही नापास — त्यामुळे लिहायची धास्ती वाटते. आणि दुसरं म्हणजे माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मूळचा मी राजापूरकडचा. आमच्या वाडीत प्रत्येक पाणंदीला एकेक भूत नेमून दिलेलं. लहानपणापासून इतकं ऐकलं, की भीतीच मेली. मी घाबरायचो माणसांना. मास्तरांना, कंडक्टरला, टेबलामागे बसलेल्या कुणालाही. अजूनही थोडा घाबरतोच.

तर मी परळीत कसा आलो ते सांगतो. विलासदादा आमच्याच वाडीतला. त्याचं घर वर, आमचं खाली, मधे दगडांचा एक गडगा. तो शिकला, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि परळीत बी-बियाणं आणि खतांच्या एका मोठ्या एजन्सीत लागला. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. एसटीडीचे पिवळे बूथ जोरात होते, मोबाईल फक्त मालक लोकांकडे. मी घरी बसून होतो. गणपतीला विलासदादा गावी आला तेव्हा आईने माझा हात धरून त्याच्या हातात दिला. म्हणाली, याला माणसात आण. त्याने आणलं. ते मी आजही नाकारत नाही.

एजन्सीचे मालक शिवलिंगअप्पा. सगळे त्यांना अप्पाच म्हणायचे. कपाळाला भस्म, पांढरं धोतर, आणि आवाज इतका हळू की फोनवर त्यांना दोनदा विचारावं लागायचं. त्यांची तीन दुकानं बाहेरगावी होती — सिरसाळा, धर्मापुरी आणि युसूफ वडगाव. कुठल्या दुकानात काय माल शिल्लक आहे हे परळीत बसून दिसावं म्हणून अप्पांनी औरंगाबादच्या एका सरांकडून सिस्टीम बनवून घेतली होती. त्या भागात तेव्हा हे लई नवीन होतं.

ही सिस्टीम थोडी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला जेवढी समजली तेवढीच सांगतो. परळीच्या ऑफिसात सर्व्हर. दुकानातला माणूस फोनच्या तारेला मोडेम लावून आमच्याकडे डायल करायचा, ब्राउझरमध्ये आमचं पान उघडायचा, आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा. की आत डेटाबेसमध्ये त्याच्या नावाने एक वेगळं कनेक्शन उघडायचं. सगळ्यांचं मिळून एक नाही, ज्याचं त्याचं. सर म्हणायचे, प्रत्येकाला आपापलं दार ठेवलंय, म्हणजे आत कोण आलं आणि कुणी काय हलवलं हे कुणाला विचारावं लागणार नाही.

अडचण एकच होती. फोनची लाइन मधेच तुटायची. मग माणूस बाहेर पडायचा, पण त्याचं कनेक्शन आत तसंच लटकून राहायचं. एका वेळी किती कनेक्शनं उघडी राहतील याला मर्यादा होती. लटकलेली साठली की नव्या माणसाला आत जागा नाही. ती शोधून तोडायची, हे माझं काम. सर्व्हरच्या स्क्रीनसमोर बसायचं आणि नजर ठेवायची. खिडकीतून परळीच्या थर्मल वीज केंद्राची राख यायची, ती कीबोर्डवरून पुसायची, हेही माझंच काम.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. विलासदादाने धर्मापुरीचं कनेक्शन लटकलंय असं समजून तोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी एसटीने एक बाई आल्या. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, पन्नाशीच्या असतील. याच नूरबी खाला. त्यांचा नवरा धर्मापुरीचं दुकान सांभाळायचा. तो वारल्यावर अप्पांनी दुकान त्यांच्याकडेच ठेवलं, आणि त्या कॉम्प्युटरही शिकल्या. ऑफिसच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी विचारलं, तोडनारा कोन हाय? विलासदादाने हसत हसत माझ्याकडे बोट केलं.

मला वाटलं, वडीलधारा आहे, गंमत करतोय.

खालांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "ह्ये लेकरू तर काल एसटीतनं उतरल्यावानी दिसतंय. ह्याला काय तोडता येतंय?" मग सगळ्यांना मिळून ऐकवलं. काल सकाळधरनं मालाच्या नोंदी भरत बसले होते मी, तुमी खाटकन तोडून मोकळे. मानूस बसलंय का उठलंय, तेवढं तर इचारत जावा!

अप्पा हसले, पण त्यांनी तो नियमच करून टाकला. विचारल्याशिवाय कनेक्शन तोडायचं नाही. मग आमची पद्धत अशी पडली — दुकानाला फोन लावायचा. एंगेज लागला तर तार मोडेमला गुंतलेली आहे, माणूस आत काम करतोय, हात लावायचा नाही. रिंग गेली तर लाइन तुटलेली. तरी उचलल्यावर विचारायचं — बसलात की उठलात? कारण कुणाचं काम अर्धवट असलं तर तो परत डायल करून तिथूनच पुढे करायचा. "बसलोय" म्हणाला तर राहू द्यायचं, "उठलो" म्हणाला तर तोडायचं. सिरसाळ्याचा माणूस म्हणायचा, उठलो बी, जेवलो बी, आता जरा पडू दे बे. खाला मात्र कधी चेष्टा करायच्या नाहीत. "बसलेय बेटा," किंवा "उठले बेटा," बस्स.

त्यांना कुठून कळलं माहीत नाही, पण ज्वारीची भाकरी माझ्या गळ्याखाली उतरत नव्हती. भातासाठी जीव जायचा. मग धर्मापुरीहून माल न्यायला येणाऱ्या टेम्पोबरोबर अधूनमधून एक डबा यायला लागला. खिचडी आणि वेगळ्या बरणीत खट्टा. चिंचेचा तो आंबट वास आला की मला घरच्या सोलकढीची आठवण यायची. मी गोदामाच्या मागच्या खोलीत राहायचो. तिथे बसून डबा खायचो आणि रडायचो, हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगतोय.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला विलासदादाने सिस्टीममध्ये बदल केला. म्हणाला, इतकी वेगवेगळी कनेक्शनं सर्व्हरला झेपत नाहीत. आता दुकानातल्यांनी लॉगिन आपल्या नावाने करायचं, पण आत डेटाबेसमध्ये सगळे एकाच कनेक्शनवरून जातील. त्या कनेक्शनला कुणाचं तरी नाव द्यायला लागतं. "तुझंच टाकतो. तू दिवसभर इथेच असतोस."

मला काय वाटलं असेल? नववी नापास माणूस मी. मी आईला कार्ड टाकलं, की एजन्सीचा सगळा कारभार आता माझ्या नावाने चालतो. आईने शेजाऱ्याकडून उत्तर लिहून घेतलं. विलासचे उपकार विसरू नको.

फक्त खालांनी ऐकलं नाही. त्यांनी थेट अप्पांना फोन केला. दुसऱ्याच्या नावानं मी आत जानार न्हाई, आन् माझ्या नावानं दुसरं कुनी गेलेलं मला चालनार न्हाई. विलासदादा वैतागला. म्हातारीचं राहू दे तसंच, म्हणाला. त्यामुळे सगळे माझ्या नावाखाली गेले आणि धर्मापुरीचं एक दार तेवढं वेगळं राहिलं.

मग पेरणीच्या तोंडावर खाला आजारी पडल्या. ताप डोक्यात गेला म्हणाले. शुद्ध हरपली, अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुकानाला कुलूप लागलं. किल्ल्यांचा एक जुडगा आमच्या ऑफिसात असायचा, विलासदादाकडे. त्यातच रस्त्याच्या खोदकामात धर्मापुरीची फोनची केबल तुटली. दुकानाचा नंबर लावला की नुसती शांतता. आणि त्यांच्या कॉम्प्युटरचा मोडेम तर त्या आजारी पडायच्या आधीच दुरुस्तीला आला होता. तो माझ्या टेबलाखाली, वायर गुंडाळून ठेवलेला होता. हे नीट लक्षात ठेवा.

त्या वर्षी कपाशीच्या एका बियाण्याची फार टंचाई होती. लोक पाकिटासाठी रांगा लावत होते. अप्पांच्या कानावर आलं, की धर्मापुरीचं दुकान बंद आहे, तरी तिथलं बियाणं कुणीतरी मागच्या दाराने विकतंय. अप्पा कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी औरंगाबादच्या सरांना बोलावून घेतलं, सिस्टीम तपासायला. त्या दुपारी सर आले, अप्पा त्यांना घरी जेवायला घेऊन गेले. ऑफिसात मी आणि आतल्या केबिनमध्ये विलासदादा, दोघेच.

थोड्या वेळाने सिरसाळ्याचा फोन आला — पान उघडत नाही. मग युसूफ वडगावचा — तेच. सगळं ठप्प. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. विलासदादा म्हणाला, "धर्मापुरीचं कनेक्शन लटकलंय. त्याने सगळं अडकलंय. तोड."

मी स्क्रीनवर पाहिलं. खरंच होतं. खालांचं नाव, कनेक्शन उघडं, चालू.

मी पाय हलवला तर पायाला त्यांचा मोडेम लागला.

मला आधी वाटलं, जुनंच लटकलेलं असेल. पण सर्व्हर आम्ही रोज संध्याकाळी बंद करायचो, तेव्हा सगळीच कनेक्शनं तुटतात. सकाळी मीच तो सुरू केला होता. तेव्हा हे नाव नव्हतं. आणि आमच्या बाजूच्या मोडेमचा दिवा लागलेला होता. म्हणजे बाहेरून कुणीतरी लाइन जोडून आत बसलं होतं. खालांचा पासवर्ड खालांशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

मी फोन उचलला. का उचलला सांगता येत नाही. तिकडची तार तुटलीय हे मला माहीत होतं. पण तोडायच्या आधी विचारायचं, ही सवय हाताला लागलेली. नंबर फिरवला... आणि रिंग गेली. कुणीतरी उचललं. मी नेहमीचं वाक्य बोलून गेलो.

"खाला, बसलात की उठलात?"

पलीकडून त्यांचाच आवाज. जरा दमलेला, पण त्यांचाच.

"बसलेय. बसलेय बेटा... तोडू नको."

मी "जी" म्हणालो आणि फोन ठेवला. आणि मग लक्षात आलं, आपण कुणाशी बोललो. मे महिन्याच्या दुपारी मला थंडी वाजली.

इंटरकॉम पुन्हा वाजला, मी उचलला नाही. विलासदादा स्वतःच बाहेर आला. तोडलंस का? मी म्हणालो, खाला बसल्यात म्हणाल्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. ती बेशुद्ध पडलीय अंबाजोगाईला, तुला वेडबीड लागलंय का, असं काहीतरी बोलला आणि कीबोर्डकडे हात घातला. कनेक्शन तोडायची सोय त्या एकाच मशीनवर होती. मी कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं नाही.

"सर येऊ देत," मी म्हणालो.

"मी आणलंय तुला इथं," तो म्हणाला. "विसरलास काय?"

मी हात काढले नाहीत. त्याने माझं मनगट धरलं. तेवढ्यात बाहेर अप्पांची जीप थांबली. त्याने हात सोडला आणि केबिनमध्ये गेला.

सर सर्व्हरसमोर बसले. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. डेटाबेसमध्ये एक माणूस एखादं पान धरून बसला असेल, तर तो सोडेपर्यंत दुसऱ्याला त्या पानावर खाडाखोड करता येत नाही. दुसरा ताटकळत राहतो. खालांच्या कनेक्शनने धर्मापुरीच्या साठ्याचं पान धरून ठेवलं होतं. आणि त्याच पानावर कुणीतरी बदल करायला मागत होतं — कपाशीची पाकिटं उचलून नेल्याची नोंद, माझ्या नावाने. तो बदल अर्ध्यात अडकला होता. आणि बाकीची दुकानंही त्याच एका कनेक्शनवर असल्यामुळे त्याच्यामागे सगळी खोळंबली होती.

"हा बदल सोडला कुठून?" सरांनी विचारलं, आणि स्वतःच स्क्रीनवर बोट ठेवलं. तिथे मशीनचं नाव होतं. आतल्या केबिनचं.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. अप्पा केबिनच्या दारात गेले. नेहमीसारखेच हळू बोलले.

"विलासराव, पोरगं तर हितं हुबं हाय. मग आत त्याच्या नावानं कोन हाय?"

विलासदादाने माऊसवरचा हात काढला. त्याच्या स्क्रीनवर वाळूचं घड्याळ फिरत होतं.

मी खालांचं ऐकलं नसतं, ते कनेक्शन तोडलं असतं, तर सर तपासायला बसायच्या आतच तो बदल उतरला असता. पाकिटं मी नेली असं कॉम्प्युटरच सांगत होता म्हटल्यावर माझं कोण ऐकणार होतं? परमुलखातला, गोदामात राहणारा माणूस. मला पोलीस ठाण्यातच जावं लागलं असतं. माझ्याच हाताने मी स्वतःला अडकवावं, म्हणून तो मला तोड, तोड म्हणत होता...

सरांनी आधी तो अडकलेला बदल रद्द केला, मग खालांच्या कनेक्शनकडे वळले. हे कुठून जोडलंय, त्यांनी मला विचारलं. मी टेबलाखालचा मोडेम काढून त्यांच्यासमोर ठेवला. केबल तुटलीय तेही सांगितलं. सरांनी चष्मा पुसून परत घातला, अप्पाही जवळ आले, आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत होतो, आणि ते कनेक्शन बंद झालं. लाइन तुटल्यासारखं नाही. काम संपवून माणूस रीतसर बाहेर पडतो, तसं. आमच्या मोडेमचा दिवा विझला.

मी लगेच धर्मापुरीचा नंबर पुन्हा लावला. नुसती शांतता. अप्पांनी आणि सरांनीही कानाला लावून पाहिला.

जीप धर्मापुरीला गेली. कुलूप जागच्या जागी, आत कपाशीची पाकिटं नाहीत. कॉम्प्युटरवर धूळ, त्यावर कुणाच्या बोटाचा ठसासुद्धा नाही. विलासदादाने सगळं कबूल केलं. अप्पांनी त्याची गावाकडची अब्रू जायला नको म्हणून पोलीस केस केली नाही, फक्त जा म्हणाले.

तो बॅग भरत होता तेव्हा मी त्याच्या खोलीवर गेलो. मला फक्त विचारायचं होतं — मीच का? भांडायचं नव्हतं. तो शर्टाच्या घड्या घालत म्हणाला, "तुझं काय बिघडणार होतं? तू नववी नापास. चार दिवस ओरडले असते, मार बसला असता, गावी गेला असतास. माझं लग्न ठरलंय."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो मला हिशेब समजावून सांगावा तसं, शांतपणे बोलला. आईने ज्याच्या हातात माझा हात दिला होता, त्याने माझं मोल असं आधीच ठरवून ठेवलं होतं. इथल्या बाकीच्या अनुभवांत लोक विचारतात, भीती कशाची वाटली? मला विचाराल तर फोनवरच्या त्या आवाजाची नाही वाटली. ह्याची वाटली.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईला गेलो. खाला शुद्धीवर आल्या होत्या, डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांची मुलगी शाहीनताई बाहेरच्या बाकावर होती. मी कोण ते सांगितल्यावर ती माझ्याकडे विचित्र नजरेने पाहायला लागली. म्हणाली, तूच का परळीचा? काल दुपारी अम्मीने डोळे उघडले. आम्ही सगळे भोवती. पाणी मागितलं नाही, आमचं नाव घेतलं नाही. पहिलं वाक्य काय बोलली माहितीये?

"परळीच्या लेकराला कळवा. आता उठले म्हनावं."

मी वेळ विचारली. त्यांनी नक्की कुठल्या वेळी डोळे उघडले हे कुणी घड्याळात बघितलं नव्हतं. कनेक्शन बंद झालेली वेळ आम्हीही बघितली नव्हती. दोन्ही दुपारी, एवढंच.

बऱ्या झाल्यावर मी खालांना सगळं सांगितलं. त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. नुसतं एवढं म्हणाल्या, की तापात कुणीतरी सारखं उठ, उठ म्हणत होतं आणि मला उठायचं नव्हतं, काम बाकी हाय असं वाटत होतं.

सरांनी नंतर बरेच तर्क लढवले. दुसऱ्या कुठल्या लाइनशी तार जुळली असेल, नाव चुकीचं दिसलं असेल. पण नाव चुकीचं असतं तर नेमकं धर्मापुरीचंच पान कुणी धरलं? तार जुळली तरी आवाज खालांचाच कसा? आणि सगळ्यात मोठं म्हणजे एका तारेवर मोडेम चालू असताना तिथला फोन एंगेज लागतो, रिंग जात नाही. माझी गेली. सर शेवटी म्हणाले, मला माहीत नाही. ते कनेक्शन पुन्हा ज्याच्या त्याच्या नावाने करून गेले. त्यांनाही नाही कळलं तर मला काय कळणार...

मी परळीतच राहिलो. इथेच संसार झाला, बोलणंही निम्मं इथलं झालं. विलासदादा मुंबईला असतो. गावी मी काहीच सांगितलं नाही, आईला सहन झालं नसतं. त्यामुळे वाडीत अजून म्हणतात, विलासने ह्याला मार्गी लावला. गणपतीत समोर आला की मी वाकून नमस्कार करतो. तो आशीर्वाद देतो. आम्हा दोघांनाच ठाऊक.

खाला आता मुलीकडे असतात. दुकान कधीच सुटलं, त्यांना नीट दिसतही नाही. ईदला जातो तेव्हा मी दारातूनच विचारतो, खाला, बसलात की उठलात? त्या हसतात, "बसलेय बेटा."

खाला, तुम्ही हे वाचणार नाही, शाहीनताईंनी वाचून दाखवलं तर ऐका. तुम्ही माझ्यासाठी जिथून कुठून बसून राहिलात, तिथे जायची वाट मला माहीत नाही. पण तुमच्यावर कधी तशी वेळ आली, तुमच्या नावावर कुणी हात टाकायला आलं, तर मी तुमच्या दाराशी येऊन बसेन. आणि तुम्ही स्वतः "उठ" म्हणेपर्यंत उठणार नाही.